घटकोबाचं बोट

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा मुहूर्त, आणि अकराला पाच कमी असताना नवरीचा बाप पार तिकडे इच्छापोरला, कारखान्याच्या बॉयलरपाशी उभा. पोरीचं लगीन डिंडोलीला, लग्नासाठी भाड्याने देतात त्या वाडीत, मंडप भरलेला, बँड वाजतोय. मधे अख्खं सुरत. पाच महिने झाले मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगतेय आणि अजून सांगताना माझा श्वास वर चढतो, तेव्हा मधे कोणी चहा करायला उठू नका.

गोष्ट मंगलामावशीची आहे, म्हणून आधी ती कोण ते ऐका. लिंबायतला माझ्या खोलीची आणि तिच्या खोलीची भिंत एकच. अठराव्या वर्षी लग्न होऊन शिरपूरकडच्या तापीकाठच्या गावातून सुरतला आली, ती चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरत होती. एवढीशी बाई, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसतील. लूमच्या धडधडाटात बोलायची सवय, ती घरीही गेली नाही. माझ्या नवऱ्याशी माझं भांडण झालं की भिंतीपलीकडून निकाल देते, आणि बहुतेक वेळा निकाल त्याच्या बाजूने लागतो. मी तिच्याशी किती वेळा अबोला धरला, दोन दिवसांवर एकदाही टिकला नाही.

तर या मावशीकडे एक वाटी आहे. तांब्याची, अर्ध्या नारळाएवढी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. खालून पाणी थेंब थेंब आत चढतं, चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ती झाली एक घटका. जुन्या काळी लग्नाची वेळ यावरच धरायचे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पण आमच्या खानदेशी लोकांत, निदान आमच्या दोन-चार गल्ल्यांत, मंगलामावशीची वाटी बुडाल्याशिवाय भटजी शेवटचं ‘सावधान’ म्हणत नाहीत. मोबाइल बघून लावलेलं लगीन काय, रेल्वेचं तिकीटसुद्धा काढता येतं मोबाइलवर.

वाटीबरोबर देव येतो. घटकोबा. अंगठ्याएवढा पितळी देव, रांगणारा, जीभ बाहेर काढलेला. मावशीची सासू गाव सोडताना वाटी आणि देव ज्वारीच्या पोत्यात घालून घेऊन आली होती. तिने सांगितलेली कथा अशी की काळ म्हणजे तापीच आहे, वरून वाहत येतो. जिथे पात्र अरुंद होतं तिथे या पोराला राखणीला बसवलंय. एका वेळी एकच थेंब खाली सोडायचा, एवढंच काम. पण पोरच ते. कंटाळलं की भोकात बोट घालून बसतं. मग कोणाचा दिवस संपता संपत नाही, कोणाचा डोळा लवायच्या आत जातो. मावशी म्हणते, “देव शे, पन अक्कल पोऱ्यानी शे.” म्हणजे देव खरा, पण अक्कल लेकराची. म्हणून त्याला नैवेद्य गूळ-शेंगदाण्याचा आणि वर एक खेळणं. कोणी गोटी वाहतं, कोणी भोवरा. मावशीच्या देवघरात गोट्यांचा डबा भरलाय, आणि अलीकडे तर चावीची मोटारही आली आहे.

या वाटीने मावशीने एकदा शेठचं घड्याळ पकडलं होतं. खात्यात बारा तासांची पाळी, भिंतीवर एकच घड्याळ, आणि ते संध्याकाळी मुंगीच्या पावलांनी चालायचं. सगळे म्हणायचे, दमल्यामुळे आपल्याला तसं वाटतं. मावशी एक दिवस वाटी आणि बादली घेऊनच खात्यात गेली. सकाळी सातला पहिली सोडली आणि कांड्या भरता भरता रेघा ओढत बसली. तीस वेळा वाटी बुडाली म्हणजे बारा तास झाले. तीस रेघा झाल्या तेव्हा भिंतीवर पावणेसात. मावशी उठली, घटकोबाला उचलून शेठच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “शेठ, हा पण खोड्या करतो, पण पोट भरायला नाही करत.” दुसऱ्या दिवशी नवीन घड्याळ आलं.

आता एक गुपित सांगते. आमच्यात ते फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. लग्नात कधी कोणी फार जवळचं माणूस वाटेत अडकलं, तर मावशी कणकेची बारीक गोळी हळूच भोकाला लावायची. वाटी तरंगत राहायची, लोक म्हणायचे, “घटकोबा खेळायला लागला वाटतं,” आणि हसत थांबायचे. पाच-दहा मिनिटांनी ती गोळी नखाने काढायची. मी एकदा म्हटलं, मावशी, देवाच्या नावावर ही लबाडी. तर म्हणाली, “खेळणाऱ्याला गडी नको का? एकटा किती खेळेल तो.”

बरं, आता लगीन. नवरी चंचल, आमच्याच गल्लीतली, माझ्या मांडीवर वाढलेली. तिची आई मालतीबाई, बाप भिकनभाऊ. भिकनभाऊ म्हणजे बावीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. पेटता बॉयलर दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय तो चार पावलंही लांब जायचा नाही, मग मागे आग लागो की पाऊस येवो. लग्नासाठी आठ दिवस रजा घेतलेली. आणि लग्नाच्या सकाळी सहाला ठेकेदाराचा फोन, की बदलीचा माणूस तापाने पडलाय, तू फक्त बॉयलर पेटवून दे, साडेआठला दुसरा माणूस येईल, नऊपर्यंत घरी जाशील. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. कोणीही शहाणा माणूस फोन बंद करून हळदीच्या पाटावर बसला असता. भिकनभाऊ मोटारसायकलला किक मारून गेले.

साडेआठचा माणूस साडेदहा झाले तरी नाही. मालतीबाई फोनवर रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम. “बॉयलरशीच लगीन लावायचं होतं, मला कशाला आणलंत,” म्हणाली. पलीकडून भिकनभाऊ, “वाफ चढलेली आहे गं, खाली चाळीस माणसं आहेत. सोडून कसा येऊ?” एवढंच म्हणत होते. शेवटी अकराला पाच कमी असताना तो माणूस आला आणि भिकनभाऊ निघाले. इच्छापोर ते डिंडोली, भर दिवसाची गर्दी. तासाच्या आत कोणी आलं असेल तर मला दाखवा.

चंचलने ऐकलं आणि पाटावर मांडी घालून बसली. “पप्पांच्या अक्षता पडल्याशिवाय माझं लगीन लागणार नाही,” म्हणाली. नवरदेव हेमराज गुणी मुलगा, तो थांबायला तयार होता. पण त्याचे भाऊबंद म्हणजे नाकावर राग. त्यांच्यात घटका चुकवत नाहीत, आणि दोनला वाडी दुसऱ्या लग्नाला रिकामी करून द्यायची होती. एक जण म्हणाला, बापाला व्हिडिओ कॉलवर घ्या, तिथून दाखवू. मी म्हटलं, मग अक्षताही तिथूनच टाकतील का, आणि जेवणही तिथूनच पाठवा. माझ्या नवऱ्याने मला मागे ओढलं.

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने मूठ जरा उघडून दाखवली. आत कणकेची गोळी. माझा जीव भांड्यात पडला.

आणि तेवढ्यात दगा आबा उठले.

दगा आबा हेमराजचे चुलते, त्या घरातले सगळ्यात मोठे. उंच, कोरडे, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. या माणसाला मी नऊ वर्षांत हसताना पाहिलेलं नाही, आणि का ते सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या शीतलचं लगीन होतं. सकाळी आबा कतारगामच्या खात्यात शेवटचा हिशेब सांगून यायला गेले, तर तिथे जोडीदाराचा हात मशीनमध्ये गेला. त्याला दवाखान्यात टाकून, रक्ताच्या सदऱ्याने आबा मंडपात पोचले तेव्हा लगीन लागून गेलं होतं. व्याह्यांनी थांबायला नकार दिला होता. आबांनी फरशीवर पडलेले तांदूळ वेचले आणि ते पोरीच्या डोक्यावर टाकले. त्या लग्नातही घटकेवर मंगलामावशीच बसली होती.

“आज घटकेवर मी बसणार,” आबा म्हणाले. “बाई, तुम्ही पलीकडे व्हा.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने वाटी आबांच्या हातात दिली, घटकोबाला घंगाळाच्या काठावर ठेवलं, आणि नेहमी त्याच्या कानात म्हणते तेच म्हणाली, “दम धर रे भो.” मग चार हात लांब जाऊन बसली. मी तिच्या कानाशी गेले. ती म्हणाली, “नऊ वर्षांनी उट्टं काढायला आला गं हा. मनात म्हणत असेल, माझ्यासाठी कोणी थांबलं नाही, तर आता कोणासाठीच थांबू देणार नाही.” मला इतका संताप आला की त्या म्हाताऱ्याचं उपरणं ओढून काढावं.

अकरा अठराला वाटी पाण्यात पडली. हळदीचं पिवळं पाणी, वर झेंडूच्या पाकळ्या. आबा पंख्याकडे बघून म्हणाले, “वाऱ्याने वाटी हलते,” आणि उपरणं घंगाळावर पसरून त्याला चिकटून बसले. भिकनभाऊंचा भाचा कानाला फोन लावून ओरडून खबर देत होता. मामा पालला आले. मामा तापी ओलांडताहेत. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, चंचलच्या मामाने तिला उचलूनच आणून उभी केली. तिचे डोळे अंतरपाटाकडे नव्हतेच, ते वाडीच्या फाटकाकडे होते.

अकरा बेचाळीस झाले. भटजींनी विचारलं, “भरली का?”

आबांनी उपरण्याचं एक टोक उचललं. वाटी तरंगत होती. अर्धीच भरलेली.

“नाही,” आबा म्हणाले.

भटजींनी आणखी एक मंगलाष्टक घेतलं. अकरा पन्नास. वाटी तशीच. आता मंडपात कुजबुज सुरू झाली. भटजींना येत होती तेवढी मंगलाष्टकं संपली, मग बायकांनी घेतली, मग कोणा हौशी मावसभावाने भसाड्या आवाजात चंचलच्या शिक्षणापासून तिच्या शिलाईच्या क्लासपर्यंत सगळं चालीत बसवलं. मुलं घंगाळाभोवती गोळा झाली. हेमराजच्या काकाने घड्याळ दाखवलं तर आबा त्याच्यावर कडाडले, “आपल्यात घड्याळावर लगीन लागतं का घटकेवर? मी बसलोय ना इथे.” काकाने बाही खाली ओढली.

मी मावशीकडे वळले. वाटलं, कधी लावली हिने गोळी, एवढ्या लांबून. तर मावशी माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. तिने मूठ उघडली. गोळी तिथेच होती.

“सुमन,” ती पुटपुटली, आणि मावशी पुटपुटली हाच मोठा चमत्कार, “आज तो खरंच खेळतोय गं.”  चाळीस वर्षं त्याच्या नावाने ही खेळली, आणि आज तो स्वतः आला.  मी देवभोळी नाही, नवसाचा नारळसुद्धा मी घरी आणून चटणीला वापरते, पण त्या क्षणी मी त्या जीभ काढलेल्या पितळी पोराला हात जोडले आणि म्हटलं, बाबा, अजून दहा मिनिटं, तुला मी भोवरा देते, दिवे लागणारा देते.

मजुरा गेट. उधना. पुलावर गर्दी. पूल सुटला. भाचा प्रत्येक खबर ओरडून सांगत होता आणि अख्खा मंडप, वरपक्षसुद्धा, “आले, आले” करत होता. आता कोणालाच घाई नव्हती. घटका चुकवत नाही म्हणणारे तेच लोक खुर्च्यांवर चढून फाटकाकडे बघत होते.

बारा वाजून सहा मिनिटांनी भिकनभाऊ आत आले. कारखान्याचे निळे कपडे, तोंडाला काजळी, एका पायात बूट आणि दुसरा कुठे पडला त्यांनाही माहीत नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, पण त्या घोड्यासाठी लोकांनी अशी वाट करून दिली की काय सांगू. मालतीबाईने त्यांच्या हातात अक्षता कोंबल्या आणि वर एक धपाटाही घातला. आबांनी उपरण्याखाली पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

“भरली,” म्हणाले.

वाटी गुडुप झाली. सावधान झालं, बँड वाजला, आणि भिकनभाऊंच्या काळ्या हातातले तांदूळ सगळ्यात आधी चंचलच्या डोक्यावर पडले. चंचल रडत होती, भिकनभाऊ रडत होते, मी तर हुंदके देत होते आणि माझा नवरा मला म्हणत होता, तुझी पोर आहे का ती. मी म्हटलं, हो.

पंगत बसायला लागली. मावशी आणि मी घंगाळ उचलायला गेलो. आबा अजून तिथेच बसले होते. मावशी आधी घटकोबाच्या पाया पडली आणि मग तिची नजर आबांच्या उजव्या हातावर गेली. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली, पिवळी झालेली. बोटं पाण्यात राहून पांढरीफटक, सुरकुतलेली.

मावशीने ती बाही चिमटीत धरली. मग म्हणाली, “आबा, तुमची बाही भिजली.”

“भिजली.”

“तोंडाने थांबा म्हणाला असता तर सगळे थांबले असते. तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे?”

“म्हणालो असतो,” आबा म्हणाले. “मग हेच भाऊबंद म्हणाले असते, तुझ्या पोरीच्या वेळी तरी कोण थांबलं होतं. घटकोबाला कोण विचारणार?”

मावशीने मूठ उघडून पुढे केली. कणकेची गोळी वाळून तडकली होती. “त्या दिवशीही ही माझ्या हातात होती,” ती म्हणाली. “तुमचे व्याही समोर उभे होते. मी घाबरले. माझा हात उठला नाही, आबा.”

“माहीत आहे. मी खाली तांदूळ वेचत होतो तेव्हा तुमच्या बोटांना कणीक दिसली होती. तेव्हाच कळलं, घटकोबा कसा खेळतो ते.” आणि ते हसले. नऊ वर्षांनी हसणारा माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं. दोन दात नाहीत पुढचे.

मावशीने मान खाली घातली. मग एकदम ती लूमच्या आवाजात ओरडली, “सुमन, शीतलला बोलाव. पंगतीत आहे ती, असेल तशी आण.”

मी धावले. शीतल आली ती उष्टा हात पुढे धरून, कडेवर पोरगी, तोंडात लाडू. काय झालं म्हणून घाबरलेली. मावशीने तोवर वाटी रिकामी करून परत घंगाळात सोडली होती आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला होता. दुसऱ्या हाताने तिने ताटातल्या उरलेल्या अक्षता उचलल्या. फरशीवरच्या नव्हे, ताटातल्या, लाल, कोरड्या. त्या आबांच्या ओल्या तळहातावर ठेवल्या.

“टाका,” म्हणाली. “घटका अजून भरली नाही.”

शीतलला क्षणभर कळलं नाही. मग तिने बापाची ओली बाही पाहिली, वाटी पाहिली. कडेवरची पोर माझ्याकडे दिली, पदर डोक्यावर घेतला आणि मान वाकवली. आबांनी हात तिच्या डोक्यावर धरला. तांदूळ ओल्या हाताला चिकटले होते, सुटेनात. मग एकेक करून पडले.

“किती उशीर केला, आबा,” शीतल म्हणाली.

“निघालो होतो गं,” आबा म्हणाले. “वाटेत होतो.”

फाटकाशी पुढच्या लग्नाचे लोक येऊन उभे होते, वाडीचा माणूस घंगाळ उचला म्हणून माझ्या मागे लागला होता. मी मावशीला म्हटलं, चल, हात काढ आता बाहेर. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बोट तसंच भोकाला लावून ती बसून राहिली.

“दम धर,” म्हणाली.